ओळ कोणाची? : संगणकीय संहितांमधील ओळ-समाप्तीचा प्रश्न

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. या दोन घटनांच्या पाठोपाठ जुन्या मराठी ग्रंथांच्या संगणकीय संहिता, शब्दसूची, हस्तलिखितांच्या याद्या यांविषयी राजधानीतील विद्यापीठीय वर्तुळांत बोलणे होणे स्वाभाविकच होते. अशा बोलण्यात किती पाने झाली, किती उरली आणि खर्च किती आला हे प्रश्न अग्रक्रमाने येतात. ओळींचे काय केले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्याजोगा आहे असे वाटत नाही म्हणून, की त्याचे उत्तर तंत्रज्ञाने देऊन टाकले आहे असे गृहीत धरले जाते म्हणून, हे सांगणे कठीण आहे. माझ्या मते ओळीचा कोणता शेवट राखावयाचा आणि कोणता पुसावयाचा, हा संपूर्णपणे संपादनाचा निर्णय आहे. तो आज कोणी न सोपवताच टंकलेखकाकडे आणि तंत्रज्ञाकडे गेला आहे. तो संपादकाने परत घेतला पाहिजे.

प्रश्नाचे यांत्रिक स्वरूप प्रथम सांगितले पाहिजे. संगणकातील साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळ म्हणून वेगळी वस्तू नसते. मजकूर हा चिन्हांचा एक अखंड प्रवाह असतो आणि त्यात जेथे विशिष्ट अदृश्य चिन्ह येते तेथे ओळ संपली असे समजावयाचे असते. हे चिन्ह एकच असते तर पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या असत्या. पण ती दोन आहेत, आणि त्यांचे मूळ टंकयंत्रात आहे. जुन्या टंकयंत्राचा दांडा ढकलला की दोन क्रिया घडत : गाडी ओळीच्या आरंभस्थानी परत येई आणि रूळ फिरून कागद एक ओळ वर सरके. दूरमुद्रकात या दोन क्रियांना दोन वेगळ्या आज्ञा दिल्या गेल्या आणि १९६३ च्या अमेरिकन संकेतप्रणालीत त्यांना १३ आणि १० हे क्रमांक मिळाले. पुढे युनिक्स परंपरेने केवळ १० क्रमांक ठेवला. डॉस आणि त्यामागून आलेल्या विंडोज यांनी १३ व १० ही जोडी ठेवली. मॅकिंटॉशच्या जुन्या यंत्रणेने केवळ १३ घेतला आणि २००१ नंतरच्या नव्या यंत्रणेत तोही सोडून १० चा मार्ग धरला. गाडी गेली, रूळ गेला, कागदही गेला. आज्ञा तेवढ्या उरल्या.

आता स्प्रेडशीटकडे वळू. आजकाल संशोधक विद्यार्थी संहितेचे, सूचीचे आणि शब्दगणनेचे सारे काम बहुधा एक्सेलसारख्या तक्त्यातच करतात. हे योग्य की अयोग्य हा वाद येथे नको. सोय आहे म्हणून लोक करतात आणि करीत राहणार. तक्त्याच्या एका चौकटीत एक ओवी किंवा एक नोंद भरताना टंकलेखक आतल्या आत ओळ मोडतो, तेव्हा चौकटीत १० क्रमांकाचे चिन्ह पडते. तक्ता पाहताना ते दिसत नाही, दिसतो तो केवळ त्याचा परिणाम. हाच तक्ता साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरविला की प्रत्येक रांगेच्या शेवटी विंडोजवर १३ व १० ही जोडी येते आणि चौकटीच्या आतला १० तसाच राहतो. ज्या चौकटीत ओळ मोडली आहे तिला दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. २००५ मध्ये तो लेखी स्वरूपातही मांडला गेला. पण फाइल वाचणाऱ्या कित्येक साधनांना हा संकेत माहीत नसतो. ती ओळीमागून ओळ वाचत जातात आणि जेथे १० दिसला तेथे नोंद संपली असे मानतात. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या प्रत्येकी दोन ओळींत भरल्या असतील तर फाइलमध्ये सुमारे अठरा हजार नोंदी होतात, आणि प्रत्येक दुसऱ्या नोंदीला अध्यायही नसतो आणि क्रमांकही नसतो. अठराव्या अध्यायात अठराशेंहून अधिक ओव्या आहेत. तेथे हा गोंधळ हाताने निस्तरण्याचा विचारही कोणी करू नये.

यावर जो उपाय सर्वत्र सांगितला जातो तो सरळ आहे : नको असलेली ओळ-समाप्तीची चिन्हे काढून टाका. एक्सेलमध्ये त्यासाठी 'क्लीन' नावाचे सूत्रच आहे. ते ० ते ३१ क्रमांकांची सारी नियंत्रक चिन्हे पुसते. व्यापारी पेढीच्या पत्त्यांच्या यादीला हा उपाय पुरेसा असेल. संहितेला तो घातक आहे, आणि तो का घातक आहे हे मराठीच्या अभ्यासकाला चटकन कळावे. हे सूत्र चिन्ह पुसते, त्याच्या जागी रिकामी जागा सोडीत नाही. त्यामुळे पहिल्या चरणाचा शेवटचा शब्द दुसऱ्या चरणाच्या पहिल्या शब्दाला जाऊन चिकटतो. मराठीत असा चिकटलेला शब्द पुष्कळदा निरर्थक दिसत नाही, हीच अडचण आहे. एका चरणाच्या अखेरीस 'न' आणि पुढील चरणाच्या आरंभी 'मन' असेल तर नकार आणि मन दोन्ही जाऊन 'नमन' उरते. 'वन' आणि 'माळी' यांचा 'वनमाळी' होतो. संतवाङ्मयाच्या शब्दगणनेत एखादा वनमाळी अधिक भरला तर कोणास शंका येणार? समास आणि संधी यांनी समृद्ध असलेल्या भाषेत यंत्राने केलेला असा अपघाती समास ओळखू येत नाही. इंग्रजीत तो बहुधा लगेच डोळ्यांत खुपतो, आणि हे उपाय सुचविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा इंग्रजी मजकूर असतो.

चिन्हाच्या जागी रिकामी जागा घालावी, म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. सूचीतील नोंदींच्या बाबतीत ते खरे आहे. शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला भाग, १८०० ते १९३७ या काळाचा, १९४३ मध्ये निघाला आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये. अशा सूचीतील नोंद तक्त्यात भरताना छापील रकाना जेथे संपला तेथे ओळ मोडली, तर त्या मोडण्याला काही अर्थ नाही. रकाना किती अक्षरांचा ठेवावयाचा हे छापखान्याने ठरविलेले असते. 'गोपाळ हरी देशमुख' आणि 'लोकहितवादी' हे दोन ओळींत असोत की एका ओळीत, ग्रंथकार तोच. तेथे ओळ पुसून जागा सोडावी. कोणाचे काही बिघडत नाही. पण हीच कृती संहितेला लागू केली की प्रश्नाचे स्वरूप पालटते. कारण ओळ-समाप्तीचे चिन्ह एकच असले तरी त्यामागचा मालक प्रत्येक वाङ्मयप्रकारात निराळा असतो.

हस्तलिखित पोथीचे उदाहरण घ्या. पोथीच्या पानावर मजकूर एका समासापासून दुसऱ्या समासापर्यंत सलग धावतो. शब्दांमध्ये जागा नसते, ओळ कोठेही मोडते, आणि ओवी संपली हे कळते ते दोन दंडांवरून व त्यांच्यामधील आकड्यावरून. येथे ओळ पानाच्या रुंदीची आहे. कवीचा तिच्याशी संबंध नाही. आज ज्ञानेश्वरी ज्या रीतीने आपल्या डोळ्यांपुढे येते, म्हणजे दोन चरण वरच्या ओळीत आणि उरलेला दीड चरण खालच्या ओळीत, ती रीत मुद्रणाची देणगी आहे. साडेतीन चरणांची ओवी दोन ओळींत मांडणे सोयीचे पडते म्हणून ती रूढ झाली. म्हणजे पोथीतील ओळ पानाची, मुद्रित आवृत्तीतील ओळ छंदाच्या एका समजुतीची, आणि तक्त्यातील ओळ टंकलेखकाच्या सवयीची. तिन्ही ठिकाणी संगणकाला दिसते ते एकच १० क्रमांकाचे चिन्ह.

मोडी कागदपत्रांत ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेघा आखून घेतो आणि मग त्यांना अक्षरे लटकवीत जातो. रेघ संपली की शब्द जेथे असेल तेथे तुटतो, आणि तुटल्याची खूण करण्याची चाल नाही. असे पत्र देवनागरीत ओळीबरहुकूम उतरवून घेतले आणि मग ओळीच्या जागी रिकामी जागा घातली, तर प्रत्येक ओळीअखेर एक शब्द दुभंगण्याची शक्यता राहते. काहीच न घालता ओळी जोडल्या, तर जे शब्द तुटलेले नव्हते तेही एकमेकांना चिकटतात. म्हणजे सरसकट कोणताही नियम लावला तरी निम्मे काम चुकते. ओळ तुटली ती शब्दात की शब्दांमध्ये, हे वाचणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागते. त्याला मोडी येत असावी लागते, आणि त्या काळचे मराठीही.

कोरीव लेखांत याच्या अगदी उलट स्थिती आहे. तेथेही शब्द ओळीअखेर तुटतो, पण तेथील ओळ पवित्र मानली जाते. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या संग्रहातील पद्धती पाहावी. शिलेवरील प्रत्येक ओळीला क्रमांक असतो आणि वाचनाची सारी चर्चा त्या क्रमांकांच्या आधाराने चालते. शिलेवरील ओळ पुसली तर कोणते अक्षर कोठे झिजले, कोठे वाचन संशयित आहे, याचा पत्ताच नाहीसा होतो. लीळाचरित्रासारख्या गद्याला मात्र लीळा हे एकक पुरते. तिच्या आतील ओळीला काही अधिकार नाही.

अभंगाविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण दिल्लीतील विद्यार्थी तक्त्यात भरण्यासाठी जो ग्रंथ सर्वांत आधी हाती घेतात तो बहुधा तुकारामांची गाथा असते. शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेली सरकारी आवृत्ती दोन भागांत १८६९ व १८७३ मध्ये मुंबईस निघाली. त्या परंपरेतील आवृत्त्यांमध्ये अभंग साडेचार हजारांहून अधिक आहेत. मोठ्या अभंगाच्या चौकात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या अखेरीस पडते. छापील पानावर हा चौक कधी एका ओळीत, कधी दोन ओळींत येतो. ध्रुपदाला आकडा नसतो, 'ध्रु' असते. क्रमांकांचा रकाना चढत्या क्रमाने लावताच संगणक आकडे आधी आणि अक्षरे मागाहून घेतो. प्रत्येक अभंगाच्या चौकांची अशी क्रमवारी लावली की ध्रुपद आपले स्थान सोडून अखेरीस जाऊन बसते. कीर्तनात जे पुन्हा पुन्हा म्हणावयाचे ते तक्त्यात शेवटी पडते, हा विनोद यंत्राला कळत नाही.

पण खरी गंमत, गंमत म्हणण्याजोगी ती नाही, यमकाच्या जागी होते. विंडोजवर तयार झालेली फाइल युनिक्स परंपरेतील साधनाने वाचली की ते १० वर ओळ तोडते आणि १३ तसाच मागे ठेवते. तो १३ ओळीतील शेवटच्या शब्दाला चिकटतो. डोळ्यांना 'विठ्ठल' दिसतो, यंत्राला मात्र 'विठ्ठल' आणि त्यामागे एक अदृश्य अक्षर असा निराळाच शब्द दिसतो. ओळीच्या पोटात आलेला विठ्ठल आणि ओळीअखेर आलेला विठ्ठल हे मग दोन वेगळे शब्द म्हणून मोजले जातात. पद्यात ओळीअखेर काय असते? अंत्य यमक असते. गझलेत रदीफ असते, आणि रदीफ नसेल तर काफिया. म्हणजे छंदोविचाराच्या दृष्टीने जी जागा सर्वांत मोलाची, नेमकी तीच या दोषाने आधी नासते. गद्याच्या अभ्यासकाला हा दोष कदाचित वर्षानुवर्षे जाणवणार नाही. यमकाच्या अभ्यासकाचे निष्कर्ष तो पहिल्याच दिवशी उलटेपालटे करील. उर्दूचे सहाध्यायी शेराच्या मिसऱ्यांचे तक्ते करतात, त्यांनाही हे तितकेच लागू आहे.

या दोन चिन्हांना एकरूप करताना क्रमही पाळावा लागतो. आधी जोडीला १० करावे आणि मग एकट्या १३ ला. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी प्रत्येक १३ चा १० केला, तर जोडीचे दोन १० होतात आणि प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते. कवितेत कोरी ओळ म्हणजे कडवे संपले. चौदा ओळींचे सुनीत अशा रीतीने चौदा कडव्यांचे होते. कवी अनिलांनी दहा ओळींची जी रचना घडविली तिचे नावच 'दशपदी'. त्या नावाच्या संग्रहातील कवितेतून ओळी पुसल्या तर रचनेचे नावही निरर्थक होते, आणि ओळी दुप्पट झाल्या तरी तेच. मुक्तछंदात तर अक्षरगणही नाही आणि यमकही नाही. तेथे कवीने ओळ कोठे मोडली हीच त्याच्या लयीची एकमेव लेखी साक्ष असते. मर्ढेकरांनंतरच्या मराठी कवितेचा कोणताही संग्रह एका सलग परिच्छेदात ओतून पाहावा. वाचणारा स्वतःच्या समजुतीप्रमाणे दुसरीच कविता वाचील.

मुद्रित गद्यातही एक खाचखळगा आहे. खिळ्यांच्या मुद्रणात ओळीअखेर शब्द तोडून आडवी छोटी रेघ देण्याची पद्धत होती. प्रतिमेवरून अक्षरे ओळखणारे साधन ती रेघ जशीच्या तशी उचलते. ओळ पुसली की 'महा- राष्ट्र' असा शब्द मध्येच उभा राहतो. रेघ आणि ओळ दोन्ही पुसा म्हटले तर 'महाराष्ट्र' सुधारतो, पण ओळीअखेर आलेल्या 'आई-वडील' या जोडशब्दाचे 'आईवडील' होते. लेखकाने काय लिहिले होते हे त्या ओळीवरून आता कळत नाही, त्याच ग्रंथात अन्यत्र काय लिहिले आहे ते पाहावे लागते.

सफाईच्या उत्साहात आणखी एक बळी जातो आणि तो अस्सल मराठी आहे. सर्व अदृश्य चिन्हे काढा अशी सरसकट आज्ञा दिली की ओळ-समाप्तीच्या चिन्हांबरोबर युनिकोडमधील शून्यरुंदीची जोडचिन्हेही जातात. मराठीतील 'ऱ्य' हे जोडाक्षर पुष्कळ फाइलींत अशा एका जोडचिन्हाच्या आधाराने लिहिलेले असते. ते गेले की रेघेचा र जाऊन रफार येतो. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, दरीच्या जागी समुद्र येतो. 'आचाऱ्यास' दिलेले निमंत्रण 'आचार्यास' जाते. हिंदीच्या संहितेवर काम करणाऱ्याने ही आज्ञा दिली तर त्याला दोष देता येत नाही, त्याच्या भाषेत हा भेदच नाही. आणि दिल्लीची अडचण नेमकी येथे आहे. येथील भारतीय भाषांच्या विभागांत मराठी, तमिळ, उर्दू, बंगाली यांचे तक्ते एकाच मोठ्या तक्त्यात मिसळले जातात आणि त्यांची सफाई एक जण एका सूत्राने करतो. त्याला त्या साऱ्या भाषा वाचता येणे शक्य नसते. हिंदी गद्यात दंड हा पूर्णविराम आहे, मराठी गद्यात पूर्णविराम टिंबाने दाखवितात आणि दंड पद्याकडे राहिला. हिंदीसाठी घडविलेले वाक्यविच्छेदाचे साधन अभंगाला लावले की प्रत्येक दंडापाशी एक 'वाक्य' संपते आणि अभंगाची वाक्यरचना 'अत्यंत तुटक' असल्याचा शोध लागतो.

भारतीय लिपींच्या संगणकीकरणाच्या इतिहासातही ओळीचा शेवट असाच भाव खाऊन गेला आहे. १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ सिद्ध झाले. त्यात निरनिराळ्या भारतीय लिपींतील समान वर्णांना एकच संकेत दिला होता आणि लिपी बदलावयाची असेल तेथे एक बदलचिन्ह घालण्याची तरतूद होती. त्या बदलचिन्हाचा अंमल पुढील बदलचिन्हापर्यंत किंवा ओळीच्या शेवटापर्यंत चाले. म्हणजे मराठी लेखात आलेल्या बंगाली उताऱ्यात चुकून एक ओळ मोडली, तर तेथून पुढचा बंगाली मजकूर मूळ लिपीत, म्हणजे देवनागरीत, प्रकट व्हावा. एका अदृश्य चिन्हाने लिपी पालटावी हे आज नवल वाटेल. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या भारतीय भाषांसाठीच्या तंत्रज्ञान-कार्यक्रमात भाषानमुन्यांचे मोठे संग्रह हाती घेतले गेले. हिंदी, पंजाबी आणि भारतीय इंग्रजी यांचे काम दिल्लीच्या आयआयटीकडे, तर मराठी व गुजराती यांचे पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे सोपविले होते. ते संग्रह मुख्यतः अर्वाचीन गद्याचे होते आणि गद्याला ओळीची क्षिती फारशी नसते. संगणकीय मराठीची सवय गद्यावर बसली, आणि तीच सवय आता आपण ओवी-अभंगांना लावू पाहत आहोत.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे, कारण तो जाणत्यांकडून येतो. ओवी आणि अभंग ही ऐकण्याची वाङ्मये आहेत. जात्यावर किंवा कीर्तनात ओळ कोठे असते? मग तक्त्यातील ओळ गेली तर हानी कसली? आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे, उत्तरार्ध नाही. कानाला ओळ ऐकू येत नाही, पण चरण ऐकू येतो. छापील पानावर आणि त्यावरून तक्त्यात जेव्हा चरण केवळ ओळीच्या रूपाने उरलेला असतो, तेव्हा ओळ पुसणे म्हणजे चरण पुसणे. मौखिकतेचा आदर करावयाचा असेल तर चरणाला ओळीवर विसंबून न ठेवता त्याची स्वतंत्र खूण केली पाहिजे. पोथी लिहिणारे हेच करीत होते. पानाच्या ओळीवर त्यांनी ओवीचा भार कधीच टाकला नाही. त्यांनी दंड आणि आकडा घातला.

तेव्हा व्यवहारात काय करावे? सर्वांत चांगले म्हणजे चौकटीच्या आत ओळ मोडूच नये. प्रत्येक चरणाला स्वतंत्र रकाना द्यावा, किंवा प्रत्येक चरणाची स्वतंत्र रांग करून तिच्याशेजारी अध्याय, ओवी व चरण यांचे क्रमांक लिहावेत. काम जास्त होते हे खरे. जेथे तक्ता आधीच भरून झाला आहे तेथे मूळ फाइल बाजूला ठेवून प्रतीवर काम करावे आणि चौकटीतील १० क्रमांकाच्या चिन्हाच्या जागी 'सब्स्टिट्यूट' सूत्राने एखादे दृश्य चिन्ह घालावे. संहितेत अन्यत्र न येणारे चिन्ह निवडावे. पद्याला तिरपी रेघ चालेल. सूचीला चालणार नाही, कारण तेथे तिरप्या रेघा तारखांत आणि मूल्यांत असतात. मग टेक्स्ट फाइल काढावी. रांगांची संख्या आधी आणि नंतर मोजावी. ती जुळली नाही तर पुढे जाऊ नये. फाइल युनिकोडमध्ये आहे याची खात्री करावी. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत साधी सीएसव्ही फाइल काढली की सारी देवनागरी प्रश्नचिन्हांत रूपांतरित होत असे. तेव्हा निदान चूक दिसत तरी असे.

वर्डमध्ये टंकलेखन झाले असेल तर आणखी एक पाहावे. जाणकार टंकलेखक कडव्यातील ओळींसाठी एक प्रकारचा आणि कडव्याच्या अखेरीस दुसऱ्या प्रकारचा ओळ-शेवट वापरतो. हा भेद फाइलीत खरोखर असतो, आणि साध्या मजकुरात उतरविताना तो बहुधा सपाट होतो. असा टंकलेखक मिळाला असेल तर त्याने केलेले हे न सांगितलेले संपादन आधी ओळखावे आणि दृश्य खुणेत बदलून घ्यावे. पुष्कळ संपादकांपेक्षा त्याने संहिता अधिक काळजीने पाहिलेली असते.

हस्तलिखितांच्या याद्यांविषयी एक वेगळी सूचना आहे. २००३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय हस्तलिखित मोहीम सुरू केली, तेव्हापासून हस्तलिखितांच्या नोंदी ठरावीक नमुन्यात भरण्याची सवय अनेक संस्थांना लागली आहे. वर्णनात्मक सूचीत आरंभीचे व अखेरचे वाक्य आणि पुष्पिका द्यावी लागते. एकाच नोंदीत ग्रंथनाम, लेखक, पाने, आकार हे रकाने असे असतात की त्यांतील ओळ खुशाल पुसावी. आणि हे तीन रकाने असे, की त्यांतील ओळ पोथीच्या पानाची म्हणून राखावी, निदान तिची खूण ठेवावी. लेखनकाल आणि लेखनिकाचे नाव पुष्पिकेत असते, आणि दोन पोथ्यांची तुलना करताना लेखनिकाची नजर कोठून कोठे घसरली हे पानाच्या ओळीवरून उमगते. एका ओळीच्या लांबीइतका मजकूर गळला असेल तर तो कोणत्या पोथीवरून उतरविताना गळला याचा अंदाज बांधता येतो. पाठचिकित्सेचे हे एक जुने साधन आहे. संपूर्ण तक्त्याला एकच सफाईचे सूत्र लावणाऱ्याने ते सुखाने पुसून टाकलेले असते. रकान्यागणिक निराळा नियम लावणे तक्त्यात अवघड नाही. फक्त तो नियम आधी कोणी तरी ठरवून लिहून ठेवावा लागतो.

विद्यापीठांच्या पदवीसमित्यांकडे या संदर्भात मागणी एवढीच आहे. संगणकीय संहितेच्या आधारे शब्दगणना, यमकविचार किंवा कर्तृत्वनिर्णय करणाऱ्या प्रबंधात, संहितेतील ओळींचे काय केले याचे एक पान असावे. कोणत्या आवृत्तीवरून भरली, ओळ कोणाची मानली, कोणती चिन्हे कोणत्या क्रमाने बदलली, बदलापूर्वी नोंदी किती होत्या व नंतर किती राहिल्या. सफाईपूर्वीची मूळ फाइल प्रबंधासोबत जमा करण्याची अट घालावी. परीक्षकाला मराठी येत असावी, हेही सांगावयाचे होते, पण ते आजच्या दिवसांत अधिक मागणे ठरेल.